वीस मिनिटांची नळी, चौतीस समीकरणं

मामा जळगावात फिजिशियन. उमेदीची वर्षं चोपडा-यावलच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी नोकरीत गेली, त्यामुळे साप चावलेली माणसं त्यांनी पुस्तकांच्या आधी पाहिली. भाची उपयोजित गणित शिकवते आणि रक्त कसं गोठतं याची समीकरणं मांडते. दोन्ही पात्रं या लेखापुरती घेतलेली आहेत. त्यांचा वाद मात्र वैद्यकात आणि गणितात खराखुरा चालू आहे. खानदेशात त्याला धार येते, कारण इथे घोणसही आहे, फुरसंही आहे आणि पाड्यावरून निघालेला माणूस मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

मामा : रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी भरायला गेलेला माणूस दहा-अकराला येतो. ‘पान लागलं’ म्हणतो. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त. मी दोन मिली रक्त काढतो, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालतो आणि वीस मिनिटं त्या नळीला कुणाला हात लावू देत नाही. मग आडवी करतो. गोळा धरला असेल तर थांबून पाहायचं. पाण्यासारखं ओघळलं तर घोणस नाही तर फुरसं, आणि सलाइनमधून लस सुरू. यात तुझी समीकरणं कुठे बसतात, सांग बरं.

भाची : नळीतच बसतात, मामा. नळी काचेचीच का घेता?

मामा : प्लास्टिकमध्ये रक्त वेळेत गोठत नाही. साबणाने धुतलेल्या नळीतही नाही. नर्सला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

भाची : काचेला लागलं की रक्तातला बारावा घटक जागा होतो आणि तिथून गोठण्याची साखळी सुरू होते. पण ज्या माणसांत हा बारावा घटक जन्मतःच नसतो, त्यांना जखम झाली तर काही होत नाही, रक्त व्यवस्थित थांबतं. म्हणजे तुमची नळी ज्या वाटेने गोठते, ती शरीराची नेहमीची वाट नाहीच. तुम्ही शरीराऐवजी एक सोपी नक्कल पाहता आणि तिच्यावरून निर्णय घेता. मीही तेच करते. तुमचं मॉडेल काचेचं आहे, माझं कागदावरचं.

मामा : माझं मॉडेल फुकट आहे. वीज गेली तरी चालतं.

भाची : आणि चुकतं. श्रीलंकेतल्या एका पाहणीत, ज्यांचं रक्त खरंच बिघडलेलं होतं त्यांपैकी जेमतेम ४० टक्केच या नळीने पकडले होते.

मामा : अर्धीच गोष्ट सांगतेस. तिथेच पुढे नीट शिकवून, ठरल्या मापाने केली तेव्हा हाच आकडा ८२ झाला. चूक नळीची कमी, हाताची जास्त.

(हा फेरा मामांचा. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो गावपातळीवर ज्या थोड्या गोष्टींवर उभा राहणार आहे, त्यांत ही काचेची नळी आहे.)

भाची : ठीक. पण नळी फक्त हो किंवा नाही सांगते. का, ते सांगत नाही. आणि ‘का’ कळलं नाही की उपचार उलटा होतो. गंमत म्हणजे रक्ताच्या गणिताची सुरुवातही घोणशीपासूनच झाली. इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमुख बार्नेट यांनी १९३४ साली घोणशीचं विष पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर लावायचा प्रयोग केला. रक्त चटकन धरायचं.

मामा : विष रक्त गोठवतं, हे आम्ही रोज बघतो. अतिगोठवतं. सगळा कच्चा माल संपवून टाकतं आणि मग उरतं ते पातळ पाणी.

भाची : मॅकफार्लेन पुढे तीस वर्षं विचार करत राहिले. १९६४ साली त्यांनी लिहिलं की गोठणं ही पायऱ्यांची उतरंड आहे : एक घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीला प्रमाण वाढत जातं. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी तेच धबधब्याच्या नावाने मांडलं.

मामा : ते चित्र आम्ही बाणांसकट पाठ केलंय. परीक्षेत हमखास यायचं.

भाची : चित्रात बाण असतात, वेग नसतो. माझं काम वेगाचं. एक रेणू दुसऱ्याला भेटतो, भेटीचा वेग दोघांच्या प्रमाणावर आणि एका स्थिरांकावर ठरतो. प्रत्येक घटकासाठी एक समीकरण : किती तयार झाला, किती खर्च झाला. व्हरमाँट विद्यापीठात केनेथ मान यांच्या गटाने २००२ साली असं मॉडेल छापलं. चौतीस घटक आणि बेचाळीस स्थिरांक.

मामा : बेचाळीस दोऱ्या हातात असल्या की कठपुतळी हवी तशी नाचवता येते, बाई. तुझं मॉडेल बरोबर आलं यात नवल काय?

भाची : दोऱ्या मी मनाने ओढल्या असत्या तर तुमचं खरं होतं. यातले बहुतेक स्थिरांक एकेक प्रक्रिया वेगळी काढून, परीक्षानळीत मोजलेले आहेत. मग सगळं एकत्र सोडलं की काय होतं, ते आधी माहीत नसतं. मॉडेलने जे पहिलं दाखवलं ते मला अजून चकित करतं. मापाचं एकक राहू द्या, आकड्यांचं नातं बघा. शेवटी रक्त गोठवतं ते थ्रॉम्बिन; ते ज्यापासून होतं ते प्रोथ्रॉम्बिन रक्तात १४००. आठवा घटक, जो हिमोफिलियात कमी असतो, तो फक्त ०.७. दोन हजारांना एक. आणि गोठणं अडवणाऱ्यांत अँटिथ्रॉम्बिन ३४००, म्हणजे थ्रॉम्बिन जास्तीत जास्त जितकं होऊ शकेल त्याच्या दुपटीहून जास्त. दुसरा रोधक टीएफपीआय. तो किती? अडीच.

मामा : अडीच हजार?

भाची : नुसता अडीच. आणि तरी या दोघांच्या संगनमतावर सगळं अवलंबून आहे. एकटं अँटिथ्रॉम्बिन ठेवलं तर थ्रॉम्बिनचा लोंढा थोडा दबतो. एकटं टीएफपीआय ठेवलं तर सुरुवात लांबते. दोन्ही एकत्र ठेवले की एक उंबरठा तयार होतो. जखमेतून आलेला टिश्यू फॅक्टर त्या उंबरठ्याखाली असेल तर काहीच घडत नाही, जरा वर गेला की लोंढा येतो. अधलंमधलं काही नाही. आपल्या नसांत रोज बारीकसारीक काहीतरी फाटत असतं, तरी आपण गोठून जात नाही, ते यामुळे. शिवाय तिसरा रोधक, प्रोटीन सी. त्याला थ्रॉम्बिन स्वतःच जागं करतं, आपल्यालाच आवरायला.

मामा : हे मात्र छान आहे. बाण बघून हे कळत नाही, खरंय. मग घोणस हा उंबरठा कसा मोडते?

भाची : ती तो ओलांडतच नाही, बाजूने जाते. घोणशीच्या विषातला एक विकर दहाव्या घटकाला थेट जागं करतो. जखम नको, टिश्यू फॅक्टर नको, टीएफपीआयचा पहारा जिथे आहे तिथून जायचीच गरज नाही. दुसरा एक विकर पाचव्याला जागं करतो. फुरसं त्याहून पुढे : त्याचा विकर सरळ प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालतो, त्याला कॅल्शियमही लागत नाही. आणि अँटिथ्रॉम्बिन फक्त आपल्या जातीच्या विकरांना धरतं. दहाव्याला जागं करणारा घोणशीचा विकर आणि फुरशाचा हा विकर, दोन्ही धातूवर चालणारे, वेगळ्या घराण्यातले. त्यांच्यावर आपल्या रोधकांची पकडच बसत नाही.

मामांनी इथे जरा वेळ घेतला. मग त्यांनी जो मुद्दा काढला त्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला.

मामा : मी शिकत होतो तेव्हा घोणसदंशात हेपॅरिन देणारे डॉक्टर होते. विचार अगदी सरळ होता. विष गुठळ्या करतंय, त्यात घटक संपताहेत, तर गुठळी थांबवणारं औषध द्या म्हणजे घटक वाचतील. ऐकायला किती बरोबर वाटतं बघ! पण पेशंट सुधारत नव्हते. म्यानमारमध्ये रीतसर चाचणी झाली, फायदा दिसला नाही. आज जागतिक आरोग्य संघटनाही देऊ नका म्हणते. तुझं समीकरण काय म्हणतं?

भाची : हेपॅरिन स्वतः काही करत नाही. ते अँटिथ्रॉम्बिनचा वेग हजारपट वाढवतं, म्हणजे तयार झालेलं थ्रॉम्बिन आणि जागा झालेला दहावा घटक लवकर पकडले जातात. पण समीकरणात विष कुठे बसतं? उगमाच्या पदात. दर मिनिटाला इतका दहावा घटक जागा करायचा, हे त्याचं काम चालूच राहतं. तुम्ही उत्पादन पुसत राहता, कारखाना चालू. त्यात पेशंटच्या नसा आधीच गळताहेत आणि तुम्ही उरलासुरला गोठण्याचा आधारही काढून घेता. फुरशात तर आणखी वाईट. त्याच्या विकरामुळे प्रोथ्रॉम्बिन अर्धवट तुटून जो मधला रेणू होतो, तो हेपॅरिन असतानाही अँटिथ्रॉम्बिनच्या हाती नीट लागत नाही. उगमाचं पद शून्य करतं ते एकच : सर्पविषरोधक लस.

मामा : आम्हाला हे चाचण्यांनी कळलं होतंच. समीकरण वरातीमागून आलं.

भाची : आलं, पण कारण घेऊन आलं. म्यानमारची चाचणी घोणशीची होती. फुरशाच्या पेशंटला हेपॅरिन द्यायचं का, हे त्या चाचणीतून निघत नाही. समीकरणातून निघतं, आणि एकाही पेशंटवर प्रयोग न करता. रोधक कुठल्या पायरीवर बसतो आणि दोष कुठल्या पायरीवर आहे, हे दोन्ही कळल्याशिवाय त्याचा उपयोग की अपाय, ते सांगता येत नाही. मला एवढंच म्हणायचंय.

मामा : बरं. आता लसीकडे ये. तिथे मी तुला पकडतो.

भाची : तिथे तुम्हीच गणित करता, मामा. पहिल्या फेरीला दहा कुप्या का?

मामा : आठ ते दहा. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरलंय. लसीचा एक मिली ०.६ मिलिग्रॅम मारतो. कुपी दहा मिलीची. दहा कुप्या म्हणजे शंभर मिली, म्हणजे ६० मिलिग्रॅम. झालं.

भाची : हे मॉडेल नाही तर काय आहे?

मामा : आहे. आणि त्याचा गोंधळही मला माहीत आहे. ते ०.६ उंदरांवर मोजलेलं. लस हाफकिनची असो की आणखी कुणाची, घोड्याला टोचलेलं विष बहुतेक वेळा तामिळनाडूतल्या इरुळा सापपकड्यांच्या सहकारी संस्थेतून आलेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांचा गट दाखवतोय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांताला बदलतं, आणि लस सगळीकडे सारखी चालत नाही. माझा पेशंट रावेरचा. त्याला चावलेली घोणस तापीकाठची. आता सांग, तुझे बेचाळीस स्थिरांक कुठल्या माणसाचे आणि कुठल्या सापाचे? पांढऱ्या कातडीच्या, धडधाकट, दोन वेळ पोटभर जेवणाऱ्या माणसांच्या रक्ताची सरासरी घेतलीय तुम्ही लोकांनी. माझ्या पेशंटचं हिमोग्लोबिन सात असतं!

(याला भाचीकडे उत्तर नव्हतं आणि तिने आव आणला नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या स्थिरांकांत मोठा फरक पडतो आणि एखाद-दुसरा बदलला तरी मॉडेलचं भाकीत हलतं, ही टीका या क्षेत्रातले लोक स्वतःच करतात. मामांनी अजून एक घाव घातला.)

मामा : शिवाय पेशंट म्हणजे बरणीत भरलेलं रक्त नव्हे. रक्त वाहतं, भिंतींना घासतं, प्लेटलेट चिकटतात.

भाची : वाहत्या रक्ताची मॉडेलं आहेत. मोहन आनंद, के. राजगोपाल आणि के. आर. राजगोपाल यांनी २००३ साली गुठळी होणं, वाढणं आणि विरघळणं वाहत्या रक्तात मांडलं.

मामा : त्यात किडनी आहे?

भाची : नाही.

मामा : मग? घोणशीचा पेशंट रक्तस्रावातून वाचतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लघवी बंद होऊन जातो. डायलिसिसला धुळ्याला धाडायचं की नाशिकला, याची धावपळ मी केलीय. तुझ्या चौतीस समीकरणांत माझा मरणारा पेशंटच नाही.

भाची : मान्य. त्याबद्दल मी बोलतच नाही. पण सहा तासांबद्दल बोलते. लस दिल्यावर सहा तासांनी नळी परत लावता. सहाच का?

मामा : विष मारलं गेलं असेल तर यकृत सहा तासांत पुरेसे घटक तयार करतं आणि रक्त धरू लागतं. नाही धरलं तर विष अजून शिल्लक आहे, म्हणून आणखी कुप्या. हा ठरलेला नियम आहे.

भाची : आता साधा हिशेब करू, एका समीकरणाचा. गुठळीचा कच्चा माल फायब्रिनोजेन. निरोगी माणसात लिटरला साधारण ३ ग्रॅम. त्याचं अर्धायुष्य चार दिवसांच्या आसपास. यकृत आपल्या नेहमीच्या गतीने जितकं बनवतं आणि जितकं झिजतं, त्या तोलातून हे ३ ग्रॅम टिकतात. विषाने ते शून्यावर आणलं असं धरा. विष संपलं, यकृत नेहमीच्या गतीने लागलं. सहा तासांत किती भरेल? चार टक्के. ३ ग्रॅमचे चार टक्के म्हणजे ०.१२. नळीत गोळा धरायला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास तरी हवं. तिथे पोचायला या गतीने सुमारे पंचवीस तास लागतात.

मामा : पण माझ्या नळ्या सहा तासांत धरतात. अनेकदा.

भाची : मग दोनांतलं एक. एक तर तुमच्या पेशंटचं शून्य झालेलंच नव्हतं, थोडं शिल्लक होतं. नाही तर यकृत चौपट गतीने धावतंय.

मामा : धावतं! इजा झाली, ताप आला की यकृत फायब्रिनोजेन भराभर ओतायला लागतं, हे तर पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्र. तुझं यकृत कागदावर बसून आहे.

भाची : पण पहिल्या सहा तासांतच चौपट? श्रीलंकेत घोणसदंशाच्या रुग्णांची घटकवार मोजणी झाली, तेव्हा सगळं पूर्वपदावर यायला एक ते दोन दिवस लागलेले दिसले, लस देऊनही. मग सहाव्या तासाला नळी पातळ निघाली याचा अर्थ ‘विष शिल्लक’ असाच का घ्यायचा? ‘यकृत अजून पोचलं नाही’ असाही असू शकतो. नळी दोघांत फरक करू शकत नाही. आणि तुम्ही आणखी कुप्या लावता, ज्यांची रिॲक्शन येते, ज्या तालुक्याला अपुऱ्या असतात.

मला इथे तिचं म्हणणं जास्त पटतं, आणि त्याचं कारण हे समीकरण अगदी साधं आहे. चौतीस नव्हे, एक. वर्षानुवर्षं पाळलेला नियम एका ओळीच्या हिशेबासमोर उभा केला तर तो मोडला नाही, पण त्याचा अर्थ बदलला. मामा मात्र इतक्यात मानणारे नव्हते.

मामा : तुझ्या शंकेवर मी कुप्या रोखल्या आणि विष खरंच शिल्लक असलं तर? डोक्यात रक्तस्राव झाला की समीकरण नातेवाइकांसमोर उभं राहत नाही, मी राहतो.

भाची : रोखा असं मी म्हटलेलंच नाही. तुम्ही दुसरीकडे हाच हिशेब नकळत बरोबर करता, ते बघा. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटला रक्त पातळ ठेवणारी असेनोकुमारॉलची गोळी सुरू करताना हेपॅरिन लगेच का बंद करत नाही?

मामा : चार-पाच दिवस दोन्ही चालवतो. पहिल्या दोन दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं याचा आकडा, वाढलेला दिसतो, पण तो फसवा.

भाची : का फसवा? सातव्या घटकाचं अर्धायुष्य पाच-सहा तास, तो आधी घसरतो आणि आयएनआर वर दाखवतो. प्रोथ्रॉम्बिनचं अर्धायुष्य अडीच-तीन दिवस, ते घसरल्याशिवाय खरं संरक्षण नाही. मधल्या काळात प्रोटीन सी, म्हणजे आपला एक रोधक, आठेक तासांच्या अर्धायुष्याने आधीच खाली गेलेला. म्हणजे सुरुवातीला गुठळीचा धोका उलट वाढतो. तुमचा पाच दिवसांचा नियम हे कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेलं समीकरण आहे. तिथे उत्तर जुळलं. सहा तासांच्या बाबतीत जुळत नाहीये, एवढंच मी दाखवतेय.

मामा : आणि ऑस्ट्रेलियातल्या सापांवर मॉडेल करणारे लोक आहेत म्हणे, त्यांचं काय?

भाची : वाजिमा, इस्बिस्टर आणि डफुल यांनी २००९ साली एक मोठं मॉडेल केलं : रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हेपॅरिन आणि तिथल्या सापाचं विष, तिन्ही एकाच चौकटीत. त्यात बासष्ट राशी. पुढे त्यांच्याच गटाने दाखवलं की विषाने फायब्रिनोजेन कसं पडतं, एवढाच प्रश्न असेल तर पाच राशी पुरतात.

मामा : पाचांत भागत होतं तर बासष्ट कशाला केल्या?

भाची : कुठल्या पाच ठेवायच्या, ते कळायला.

मामा : हं. मग आपल्या घोणशीच्या पाच कुठल्या?

भाची : त्यासाठी आपल्याच पेशंटचे आकडे लागतील. विद्यापीठ जळगावात आहे, वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून जळगावात आहे, धुळ्याचं त्याहून जुनं. निळ्या बुचाच्या सायट्रेटच्या नळीत २.७ मिली रक्त : दाखल होताना, लसीनंतर सहा तासांनी, बारा तासांनी, चोवीस तासांनी. फिरवून वरचं प्लाझ्मा गोठवून ठेवायचं. फायब्रिनोजेन, पाचवा आणि दहावा घटक मोजायचा. जमलं तर विषाचं प्रमाणही. बारा तासांत विष नाही पण फायब्रिनोजेनही नाही, असं दिसलं तर यकृताचा उशीर. विष परत वर आलं तर तुमचं बरोबर.

मामा : उणे ऐंशीचं फ्रीज कुठून आणणार? लोडशेडिंगला काय करणार? पेशंटची संमती रात्री दोनला कोण घेणार, मी? आणि चौथ्या वेळी सुई टोचायला गेलो की बायको म्हणते, आधीच माझ्या नवऱ्याचं रक्त थांबत नाहीये, तुम्ही अजून काढताय.

भाची : चार नको, दोन घेऊ. दाखल होताना आणि सहाव्या तासाला. तुम्ही नळीसाठी सुई टोचताच, त्याच टोचणीतून.

मामा : आणि सहाव्या तासाला काचेची नळी पातळ निघाली तर मी पुढच्या कुप्या लावणारच. आधीच सांगून ठेवतो.

भाची : लावाच. फक्त लावायच्या आधी निळ्या बुचाची भरून ठेवा. कुप्या सुरू झाल्यावरचं रक्त मला उपयोगाचं नाही.